ठोकळ्यांच्या नक्षीच्या षटकोनी लाद्या : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या प्रवेशाच्या पॅसेजमध्ये सात महिन्यांपूर्वी या मॅट फिनिशच्या व्हिट्रिफाइड लाद्या बसवल्या. प्रत्येक लादीवर पांढरा, राखाडी आणि काळा असे तीन समभुज चौकोन मध्यबिंदूपाशी येऊन मिळतात आणि सपाट फरशीवर ठोकळे रचून ठेवल्याचा भास होतो. नक्षी नवी नाही, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेई या रोमन शहरातील ‘हाउस ऑफ द फॉन’ या वाड्यात तीन रंगांच्या दगडांची अशीच फरशी आहे.

सारी करामत छटांची आहे. उजेड वरून येतो असे आपली नजर गृहीत धरते, म्हणून पांढरा चौकोन ठोकळ्याचा माथा ठरतो, डावीकडचा राखाडी उजेडाची बाजू आणि उजवीकडचा काळा सावलीची. दारातून आत येताना आमची खिडकी डाव्या हाताला असल्याने छापलेला उजेड आणि खरा उजेड जुळतात आणि ठोकळे अगदी उचलून घ्यावेसे वाटतात. आतून दाराकडे जाताना मात्र खिडकी उजवीकडे येते, पण ही सगळ्या लाद्यांची मिळून झालेली नक्षी अर्धा फेरा फिरवली तरी जशीच्या तशी दिसत असल्यामुळे चित्रातला उजेड डावीकडूनच येत राहतो आणि भास निम्मा ओसरतो. दुकानात हे कोणी सांगितले नाही. बहुधा तिथे कोणाच्या लक्षातही आले नसावे.

उत्पादकाचा खरा दोष म्हणजे एकेकट्या लादीच्या नक्षीला दिशा असूनही तिच्या पाठीवर बाण नाही. मिस्त्रींच्या हातून दोन लाद्या उलट्या बसल्या आणि तेवढ्याच जागी ठोकळ्याऐवजी खड्डा दिसू लागला. सांधे दोन मिलिमीटरचेच ठेवावेत आणि ग्राउट (सांधे भरायचे मिश्रण) राखाडी घ्यावे. पांढऱ्या रुंद सांध्यांत आधी षटकोन दिसतात, ठोकळे मागे पडतात. सासूबाई पहिले पंधरा दिवस भिंतीला हात लावून चालत होत्या, त्यामुळे जिन्यावर किंवा वृद्धांच्या खोलीत ही नक्षी मी घालणार नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. चार-पाच लाद्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. उलटी लादी उकरताना आमची एक फुटली, तिच्या जागी दुसऱ्या लॉटमधली आली. तिचा राखाडी किंचित निळसर आहे आणि भर दुपारीही त्या एकट्या ठोकळ्यावर संध्याकाळ झालेली असते.