अल्गार्वच्या किनाऱ्यावरील चार रात्री

कोल्हापूरहून दरवर्षी तारकर्लीला जाणाऱ्या आम्हा दोघांना पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अल्गार्वचा अटलांटिक किनारा प्रथम दिसला तो लागोसजवळच्या एका आलिशान रिसॉर्टच्या सज्जातून, आणि लाटांनी कमानी कोरलेले चुनखडीचे ते पिवळसर-तांबूस कडे पाहतच राहावेसे वाटले. समुद्राकडच्या खोलीचे जादा पैसे घेऊनही पहिल्या रात्री वाहनतळाकडची खोली मिळाली. तक्रारीनंतर ती बदलली, तरी एवढ्या भाड्यात हे खटकलेच. समुद्राचे पाणी ऐन उन्हाळ्यातही थंडगार असते. जेवण मात्र उत्तम: काताप्लाना या तांब्याच्या झाकणबंद भांड्यात तिसऱ्या (शिंपल्या) शिजवल्या होत्या; ते भांडे टेबलावरच उघडले, तेव्हा वाफेबरोबर आलेल्या लसूण-कोथिंबिरीच्या वासाने आमच्या सौभाग्यवतींना थेट माहेरच्या स्वयंपाकघराची आठवण झाली.