खरं नाव की टिकणारं टोपणनाव?

इंटरनेटवरची शिवीगाळ थांबवायची तर लिहिणाऱ्याची ओळख तपासा, असं दक्षिण कोरियाने २००७ मध्ये ठरवलं. मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं झालं. त्यातून शिव्या फारशा घटल्या नाहीत, उलट लोकांच्या खासगी माहितीचे साठे मात्र जागोजागी तयार झाले. २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या तिथल्या ऑनलाइन सेवांमधून सुमारे ३.५ कोटी सदस्यांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने ही सक्ती रद्द केली.

विकिपीडियावर, अगदी मराठी आवृत्तीतही, खरं नाव कोणी मागत नाही. पण टोपणनावाने केलेली संपादनं त्या नावापुढे नोंदलेली राहतात. खोडसाळपणा केला की बदल उलटवले जातात, खातं रोखलं जातं. एकाच माणसाने अनेक खाती उघडल्याचा संशय आला, तर मोजक्या विश्वासू सदस्यांना तांत्रिक नोंदी तपासता येतात.

मला हीच पद्धत पटते. जातीच्या छळाबद्दल किंवा वरिष्ठाच्या त्रासाबद्दल लिहिणाऱ्या बाईला टोपणनावाचाच आधार असतो. तो काढून घेतला तर ती लिहिणारच नाही. जिवे मारण्याची धमकी आली तर मात्र खातं रोखून भागत नाही. तिथे न्यायालयाच्या आदेशाने त्या माणसापर्यंत पोहोचायलाच हवं.