८.४ व्होल्टचा स्टिकर लावलेले सर्वो घेताना सांभाळा

रोबोटिक आर्म करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी हे नक्की वाचा. पुतण्याचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट होता, पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून चार सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटर) घेतले. दुकानदाराला आधीच सांगितलेलं की आमच्याकडे टू एस लिपो (म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर) बॅटरी आहे, तर तो म्हणाला, "दादा, हे एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेजवाले आहेत, ८.४ व्होल्ट चालतात, डायरेक्ट लावा, कन्व्हर्टर वगैरे काही लागत नाही". सर्वोवर चकचकीत काळा स्टिकर, ताकद २५ किलो (एक सेंटिमीटरच्या दांड्यावर पेलायचं वजन), ८.४ व्होल्ट. साडेआठशेला एक.

वजन न देता नुसता आर्म हलवला तेव्हा सर्वो मस्त चालले. मग आर्मला वजन उचलायला लावलं तर खांद्याचा सर्वो आधी थरथरायला लागला, मग तो जळका वास, आणि बॅटरी काढेपर्यंत दुसराही गेला. पोराचं तोंड बघवत नव्हतं, सबमिशन तोंडावर होतं हो.

स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला म्हणून नखाने ओढला तर खाली दुसरा स्टिकर, एमजी ९९६ आर! म्हणजे साधा ४.८ ते ७.२ व्होल्टवाला, जो याच्या निम्म्या किमतीत मिळतो, आणि ६ व्होल्टला त्याची ताकद ११ किलोच्या आसपास. खालचे चार स्क्रू काढून बघितलं तर बोर्डवरची मोटर ड्रायव्हरची चिप काळी पडलेली. टू एस बॅटरीवर ७.४ लिहिलेलं असलं तरी एका सेलला ४.२ म्हणजे फुल चार्जला ती ८.४ देते, साध्या सर्वोला ते झेपत नाही. त्यात सर्वो लोडखाली अडकला की करंट आणखी चढतो, ६ व्होल्टलाच अडीच अँपिअर जातो.

दुकानात परत गेलो तर "तुम्ही वायर उलटी लावली असेल" हे एकच पालुपद. अहो, उलटी लावली असती तर आधी हात हलला कसा? बिल दाखवलं तर त्यावर नुसतं 'सर्वो मोटर ४ नग'. हीच खरी मेख आहे. म्हणून बिलावर मॉडेल आणि व्होल्टेज लिहूनच घ्या, लिहायला नाही म्हणाला तर तिथून उठा सरळ. खऱ्या एचव्ही सर्वोची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) मिळते, त्यात ६ ला ताकद किती, ७.४ ला किती, करंट किती असं वेगवेगळं दिलेलं असतं. नुसता एकच मोठा आकडा छापलेला असेल तर तो माल घेऊ नका.

बाकीचे दोन आता ६ व्होल्टवर चालवतोय, मध्ये ५ अँपिअरचा यूबेक (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर) टाकलाय. त्याऐवजी बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारा तयार बोर्ड) वापरणार असाल तर सर्वो जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत ६ व्होल्ट सेट करा, आणि एलएम २५९६ वालं स्वस्त मॉड्यूल नको, त्याची मर्यादाच ३ अँपिअर, दोन सर्वो एकदम अडकले की गेलं. सर्वोचा प्लस आर्डुइनोच्या (सर्वोला सिग्नल देणाऱ्या कंट्रोलर बोर्डच्या) ५ व्होल्ट पिनवरून घेऊ नका, ग्राउंड म्हणजे मायनस मात्र दोघांचा एकच ठेवा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, दोन्ही स्टिकरचे फोटो जोडून. ज्यांच्याकडे असले २५ किलोचे काळे स्टिकरवाले सर्वो आहेत त्यांनी बॅटरी जोडायच्या आधी स्टिकरचा कोपरा उचकून बघा.