वेल्सची लोकर: टूरबरोबर की आपल्या गाडीने?

वेल्सला लोकरीसाठीच जायचं, एवढं तुमचं ठरलंय असं मी धरून चालतो. कार्डिफचा किल्ला आणि स्नोडनची रेल्वे यादीत नाहीत, किंवा असल्या तर अगदी तळाशी आहेत. आता प्रश्न उरतो तो एवढाच, की सूतकताई-विणकामवाल्यांची छोटी मार्गदर्शित टूर घ्यायची, की गाडी काढून आपलं आपण भटकायचं. आम्ही ब्रिस्टलला राहतो. घरात माझा टेबलावरचा छोटा माग आहे, बायको सुयांवर विणते, आणि हे दोन्ही प्रकार आमचे करून झालेत. उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आईबाबा नेहमी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

टूर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जी येते ती नव्हे. भली मोठी बस, पुढे झेंडा घेतलेला टूर मॅनेजर आणि रात्री वरणभात, असलं काही नसतं. दहा-बारा माणसं, एक मिनीबस, आणि बरोबर स्वतः कातणारी किंवा विणणारी कुणीतरी. मुक्काम शक्यतो एकाच गावात, तिथून रोज फेऱ्या. दोन-तीन गिरण्या, लोकरीचं संग्रहालय, एखाद्या शेतावरच्या मेंढ्या, आणि मधे अर्धा दिवस स्वतःच्या हाताने काहीतरी करायला. पैसे सहज चार आकडी पाउंड, आणि एकटे असाल तर स्वतंत्र खोलीचा जादा आकार वेगळा.

खर्चात आपली गाडी जिंकते, त्यात वादच नाही. ड्रे-वाख वेलिंड्रेच्या राष्ट्रीय लोकर संग्रहालयाला तिकीट नाही, कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सलाही नाही. सेंट फेगन्समध्ये तर 1760 सालची एस्गेर मोइल नावाची अख्खी गिरणी मूळ जागेवरून उचलून 1952 साली पुन्हा उभी केली आहे. भारतातला वाहन परवाना पाहुण्यांना वर्षभर चालतो. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर थोडे जास्त पडतात, तेवढंच.

दुसरा फायदा नकाशाचा. टूरवाले बहुतेक नैर्ऋत्येला, टायवी नदीचं खोरं आणि पेम्ब्रोकशर एवढ्यातच फिरवतात. त्यांचंही बरोबर आहे, कारण चालू गिरण्या तिथे एकमेकींच्या जवळ सापडतात. पण मग मध्य वेल्समधलं न्यूटाउन राहून जातं, आणि माझ्या मते न्यूटाउन चुकवू नये. फ्लॅनेलचं हे जुनं केंद्र. तिथलं कापड संग्रहालय म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेल्या विणकरांच्या खोल्या. खाली संसार आणि वरच्या मजल्यावर, जास्त उजेड यावा म्हणून ओळीने खिडक्या ठेवून, हातमाग. याच गावात प्राइस जोन्स नावाच्या कापडवाल्याने 1861 च्या सुमाराला टपालाने माल पाठवायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरिया त्याची गिऱ्हाईक. 1876 मध्ये त्याने लोकरीच्या गुंडाळून झोपायच्या रगचं पेटंट घेतलं आणि तो रशियाच्या सैन्याला विकला. आजच्या स्लीपिंग बॅगचा तो पूर्वजच. स्टेशनसमोरची त्याची लाल विटांची प्रचंड वखार अजून उभी आहे. संग्रहालय मात्र उन्हाळ्याच्या महिन्यांत आणि तेही मोजक्याच वारी उघडं असतं, ते आधी बघून घ्या.

तसंच उत्तरेचं बाला. अठराव्या शतकात या गावचा मोज्यांचा बाजार प्रसिद्ध होता. बायका-पुरुष-पोरं गावातल्या टेकाडावर बसून विणत असत, आणि थंडीच्या रात्री एकाच्या घरी जमून, एकच चूल पेटवून, गाणी-गोष्टी ऐकत मोजे विणायची पद्धत होती. आज तिथे बघण्यासारखं फार उरलेलं नाही, पण बायकोला त्या टेकाडावर बसून चार ओळी विणायच्याच होत्या. कुठल्याही टूरने यासाठी गाडी थांबवली नसती.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. गिरण्यांना चाकासाठी आणि लोकर धुण्यासाठी पाणी लागायचं, म्हणून त्या दरीच्या तळाशी बसल्या, आणि तिथवर जाणारे रस्तेही त्या काळाचेच राहिले. दोन्ही बाजूंना डोक्याएवढे हिरवे बांध, मधे एक गाडी जेमतेम. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे घ्यायची, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण. शिवाय सप्टेंबर 2023 पासून वस्तीतली वेगमर्यादा ताशी वीस मैलांवर आली, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारं गाव प्रत्यक्षात लांबच असतं. हे सगळं निभतं. यापायी मी टूर घ्या असं म्हटलं नसतं.

माझं मत फिरलं ते बंद मागांमुळे.

झालं असं, की आम्ही नोकरीवाली माणसं, म्हणून निघायचो शुक्रवारी दुपारी. गिरण्यांचे माग चालतात साधारण सोमवार ते शुक्रवार, विणकर घरी जाईपर्यंत. दुकान मात्र शनिवारीही छान उघडं. मग व्हायचं काय, तर दुकानातून मागे डोकवायचं. दोरीपलीकडे लोखंडी यंत्रमाग, त्यावर अर्धी विणलेली चादर, ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे ताठ, आडवा धागा नेणारा धोटा आपल्या पेटीत गप्प. भिंतीवरच्या पडद्यावर तोच माग धडाडा चालत असल्याचा व्हिडिओ. दुधाची तहान ताकावर! काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात सांगणार, सोमवारी या. सोमवारी कसे येणार?

म्हणून नंतर रजा टाकून, मधल्या वारी गेलो. तर एकीकडे जेवणाची सुट्टी, आणि दुसरीकडे ताणा बदलायचं काम. हे दुसरं जास्त लागलं. संपलेल्या ताण्याच्या शेंड्यांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून जोडत दोघं वाकून बसले होते. खरं तर माग चालताना बघण्यापेक्षा हे बघणं मोलाचं, पण दोरीच्या अलीकडून पाठीशिवाय काही दिसेना, आणि काम करणाऱ्यांना हाक मारायचा धीर होईना. त्यांची तरी काय चूक? ती चालती गिरणी आहे, आपल्यासाठी मांडलेला देखावा नाही. पण माझ्यासारख्या माणसाने एवढं पेट्रोल जाळून शेवटी चादरीच्या किंमतीची चिठ्ठी वाचून परतायचं, हे मनाला लागत राहिलं.

टूरमध्ये नेमकी हीच गोष्ट सुटली. टूर नेणाऱ्या बाईंनी वेळापत्रकच मागांच्या तासांवर बसवलेलं होतं. गिरण्या मंगळवार ते गुरुवार सकाळी, समुद्रकिनारा आणि बाकीची मजा शनिवार-रविवारी. शिवाय त्या मुळातच कातणाऱ्या असल्याने गिरणीत त्यांना नावाने ओळखत होते. दोरी बाजूला झाली. माग सुरू असताना आत जीभ हलवून उपयोग नसतो, शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून विणकराने आम्हाला आधी बघू दिलं, मग माग थांबवला, आणि नुकत्याच विणलेल्या कापडाचा काठ चिमटीत धरून दोन बोटांनी उकलला. कापडाचे दोन पदर झाले. म्हणाला, घाला हात. मी मनगटापर्यंत हात आत घातला. वर एक कापड, खाली एक कापड, आणि जिथे नक्षी बदलते तिथे बोटं अडली, कारण तिथे वरचा पदर खाली आणि खालचा वर जातो.

वेल्श टॅपेस्ट्री म्हणून ज्या चादरी विकतात, त्या म्हणजे ही दुहेरी वीण. एकाच वेळी दोन कापडं विणली जातात आणि चौकडीच्या प्रत्येक कडेला ती जागा बदलतात. म्हणून चादर उलटली की नक्षी तीच, रंग उलटे. हे मी वाचलेलं होतं, घरच्या मागावर एक नमुना काढायचा प्रयत्नही केला होता. पण नक्षीच्या कडेवर दोन पदर एकमेकांना किती घट्ट धरतात आणि मधे किती मोकळे राहतात, ते हात घातल्यावर कळलं. घरी येऊन माझी वीण बदलली.

आता टूरचं दुखणंही सांगायला हवं, नाहीतर जाहिरात वाटेल. एक, दुकानांत जाणारा वेळ. बारा विणणाऱ्या बायका सुतांच्या लडींत शिरल्या की मिनीबसचा चालकही पेपर उघडून बसतो. दोन, आवडलेल्या जागी रेंगाळता येत नाही. फिशगार्डच्या टाउन हॉलमध्ये 30 मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट आहे. 1797 साली फ्रेंच सैन्य तिथे उतरलं आणि दोनेक दिवसांतच शरण आलं, त्याच्या द्विशताब्दीला सत्तरहून जास्त बायकांनी तो भरला. लाल शाली पांघरलेल्या गावातल्या बायका लांबून फ्रेंचांना ब्रिटिश शिपाईच वाटल्या, अशी तिथली आवडती दंतकथा. या पटासाठी आम्हाला मिळाला जेमतेम एका चहाएवढा वेळ. पुढे आम्ही दोघं पुन्हा गेलो तेव्हा पोट भरलं.

तीन, आणि हे मला खटकलं, टूरमधला इतिहास जरा गोग्गोड असतो. मेंढ्या, ओढे, आजीचे मोजे. अठराव्या शतकात मध्य वेल्सच्या घरोघरी विणलेलं जाडंभरडं लोकरी कापड कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत मळ्यांवरच्या गुलामांच्या कपड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर जात असे. तो धंदा नसता तर त्या डोंगरातल्या कित्येक चुली पेटल्या नसत्या. आमच्या बाईंनी हे एका वाक्यात उरकलं. कुणी विचारलं असतं तर कदाचित बोलल्या असत्या. हा भाग स्वतः वाचून जा.

जेवणाचं शाकाहारी मंडळींनी आधीच बोलून ठेवावं. कॉल नावाचं तिथलं प्रसिद्ध सूप मटणाचं असतं. ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नावाला सॉसेज, आत चीज आणि लीकची पात; ते मिळालं तर उत्तम. नाहीतर रोज चिप्स.

हाताने करायच्या अर्ध्या दिवसाबद्दल मात्र टूरला पूर्ण गुण. आमच्या आधीच्या पिढीने शाळेत टकळीवर कापूस कातलेला असतो, आणि तो हात विसरत नाही. पण लोकर कापसासारखी वागत नाही. तिचा तंतू लांब, त्यामुळे दोन हातांत जास्त अंतर ठेवावं लागतं आणि पीळ कमी लागतो. सवयीने हात जवळ आणले की पेळू, म्हणजे कातायची पिंजलेली वळी, ओढलाच जात नाही. हे कुणीतरी शेजारी बसून मनगट धरून दाखवावं लागतं. आम्हाला दिलेली लोकर वेल्श डोंगरी मेंढीची, म्हणजे घोंगडी अंगावर घेतलेल्या माणसाला परकी न वाटणारी. मधेमधे लालसर राठ केस, केंप म्हणतात त्यांना. ते रंग धरत नाहीत आणि टोचतात. या लोकरीचा मोठा वाटा गालिच्यांत जातो. मऊ चादरी-शालींसाठी गिरण्या बहुतेक बाहेरून आणलेलं बारीक सूत वापरतात. सोल्वाजवळची गिरणी 1907 पासून त्याच जागी आहे, आणि तिचा भर आजही जाड पट्ट्यांच्या गालिच्यांवर आहे. मेलिन ट्रेग्विंट ही दुसरी गिरणी 1912 पासून एका कुटुंबाकडे होती, 2022 पासून ती कामगारांच्याच मालकीची झाली. तिच्या चादरी गळ्याशी घेतल्या तरी टोचत नाहीत. एका कापडावर हात फिरवून मग दुसऱ्यावर फिरवला, की पैसे कशाचे मोजायचे ते आपोआप कळतं.

तर मग? तुम्ही इंग्लंडातच राहत असाल, मधल्या वारी रजा काढू शकत असाल, आणि फोन करून 'उद्या माग चालू आहे का, ताणा कधी बदलणार' असं विचारायचा संकोच नसेल, तर आपल्या गाडीने जा. बरोबर लहान मुलं असतील तर नक्कीच, कारण त्यांना ड्रे-वाख वेलिंड्रे दोन तासांत पुरे होतं आणि मग समुद्र हवा असतो. बाकीच्यांनी, विशेषतः हातात सुई, चरखा किंवा माग असलेल्यांनी, आणि जे एकदाच येणार आहेत त्यांनी, मला वाटतं पैसे साठवून टूर घ्यावी. न्यूटाउन आणि बाला नंतर दोन दिवस काढून स्वतः करता येतात.

फक्त कुठलीही टूर घेऊ नका. पैसे भरण्यापूर्वी ईमेलने विचारा: गिरणीला कोणत्या वारी, किती वाजता? माग चालू असताना आत नेणार की दुकानातून दाखवणार? बरोबर असणारी व्यक्ती स्वतः कातते-विणते का? माणसं किती? बारापेक्षा जास्त असतील तर मागाभोवती उभं राहायलाच जागा होत नाही. उत्तरात वार आणि वेळ लिहून आली तर ती टूर बहुधा चांगली. एप्रिलमध्ये जमत असेल तर बिल्थ वेल्स नावाच्या गावच्या मैदानावर भरणारा वंडरवुल हा लोकरीचा मेळा तारखांत बसतोय का तेही बघा. मात्र त्या शनिवार-रविवारी आसपास खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे तेवढं बुकिंग हिवाळ्यातच उरकून टाका.