बाराबंदी शिवणाऱ्या मास्तरांचा इटालियन कोट

दुकानाला बोर्ड नाही, ही पहिली तक्रार. सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागच्या अंगाला एका बंद पडलेल्या लूमच्या शेडला लागून मास्तरांची खोली आहे. दोन मशिनी, कटिंगचं टेबल, खिळ्याला टांगलेले कागदी पॅटर्न. नाव विचारलं तर 'मास्तर' एवढंच सांगतात. त्यांना गर्दी नको आहे, म्हणून मीही इथे तेवढंच लिहितो. शोधायचं असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेच्या आधी ज्याला बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) शिवून घ्यायची असते अशा कुणालाही विचारा.

मी स्वतः युनिफॉर्मच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. शाळेचे शर्ट, हॉस्पिटलचे कोट, सिक्युरिटीच्या पँटी. त्यामुळे शिवण बघितल्याशिवाय मला कपडा दिसत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे काचेच्या दुकानांत 'इटालियन सूट' म्हणून जे मिळतं ते बघून अंगावर काटा येतो. खांद्यात फोमचे पॅड, छातीला चिकटवलेलं बक्रम (ताठपणासाठीचं कडक कापड), आत चकचकीत पॉलिएस्टरचं अस्तर. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 ला टेकलेला असताना त्या अस्तरात नवरदेव कसा उभा राहतो हे त्यालाच माहीत. दोन-चार ड्रायक्लीननंतर छातीवर फोड येतात, कारण चिकटवलेलं बक्रम सुटतं. कुठलंही एक दुकान म्हणत नाही मी, सगळीकडे हाच माल आहे.

कोट हवा हे डोक्यात घातलं माझ्या भाचीनं. ती इटलीत मिलानला शिकते. तिथल्या ट्रामचे फोटो पाठवते. 1928 च्या बनावटीच्या पिवळ्या ट्राम, आत लाकडी बाकं, अजून रस्त्यावर धावतात आणि कुणी त्या संग्रहालयात नेऊन ठेवलेल्या नाहीत. एकदा अशाच ट्रामीतल्या एका आजोबांचा पाठमोरा फोटो आला. हातात भाजीची पिशवी, अंगात चुरगळलेला लिननचा कोट, आणि खांदा असा उतरलेला की अंगातूनच उगवल्यासारखा. "मामा, हे लग्नाला नाही चाललेले हं," तिनं खाली लिहिलं होतं, "कांदे आणायला चाललेत." तिची घरमालकीण म्हणे कचरा टाकायला खाली उतरतानाही चप्पल बदलते, आणि भाची एकदा पायजम्यावर खाली गेली तर जिन्यात थांबवून म्हणाली, बरं नाही का तुला? कॉफी बारच्या काउंटरला उभ्यानं पिऊन दोन मिनिटांत निघायचं, कारण टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. पण त्या दोन मिनिटांसाठीही लोक केस नीट करून येतात.

ते फोटो घेऊन मी आधी नवी पेठेतल्या दोन-तीन शिंप्यांकडे फिरलो. सगळ्यांनी "होऊन जाईल साहेब" म्हटलं, आणि ते ऐकूनच मी उठलो. मास्तरांनी मात्र फोटो परत दिला. म्हणाले, "बाहेरून काय दाखवायलाव? आतून दाखवा."

मग भाचीनं जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊन एक कोट उलटा करून त्याचे फोटो काढले. मास्तरांनी चष्मा वर ढकलला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "ह्याच्या आत काहीच नाही की. बाराबंदीच झाली ही."

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी: मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, 68 लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि बरोबर चालणारे हजारो पुरुष पांढरीशुभ्र बाराबंदी आणि धोतर घालतात. बाराबंदीला ना पॅड, ना बक्रम, ना अस्तर. बारा बंद आणि शिंप्याचा हात, एवढ्यावर ती अंगावर बसते. बिघडलेली शिवण लपवायला तिच्यात जागाच नसते. मास्तरांची हयात त्यात गेली.

इटलीतल्या नापोलीच्या (नेपल्सच्या) शिंप्यांनी केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. 1930 च्या दशकात तिथे रुबिनाच्ची यांचं दुकान होतं, नावच 'लंडन हाऊस', कारण तेव्हा तिथल्या बड्यांना इंग्रजांसारखं दिसायचं होतं. त्या दुकानातला कटर विंचेंझो आत्तोलिनी यानं इंग्रजी कोटातलं सामान एकेक करून काढून टाकलं: खांद्याचं पॅड, जाड कॅनव्हास, बरंचसं अस्तर. इंग्रजी कोट थंडीसाठी आणि पलटणीच्या ताठ्यासाठी बांधलेला. समुद्रकाठच्या उन्हात तो अंगावर घेऊन गप्पा मारता येत नाहीत, आणि नापोलीत हात हलवल्याशिवाय कुणी गप्पा मारत नाही. बाही त्यांनी शर्टासारखी लावली, खांद्याला किंचित चुण्या घेऊन. याला तिथे 'स्पाला कामिचा' म्हणतात. छातीचा खिसा सरळ न कापता होडीच्या तळासारखा बाकदार.

खरी गंमत मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलात आहे. आमच्या कारखान्यात आम्ही मुंढा मोठा आणि खाली ठेवतो, कारण एकाच मापात दहा तऱ्हेची अंगं बसवायची असतात. त्याचा परिणाम असा की हात वर केला की अख्खा कोट वर चढतो आणि कॉलर मानेपासून सुटते. नापोलीचा मुंढा लहान, काखेत वर घेतलेला. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यानं हात मोकळा राहतो आणि कोट जागचा हलत नाही. मास्तरांनी पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर मला कोट घालायला लावला आणि बाहेर उभ्या माझ्या वडिलांच्या चेतकवर बसून हँडल धरायला सांगितलं. आरशासमोर नाही, स्कूटरवर! पाठीत सुरकुती आली तशी त्यांनी तिथेच टाके उसवले.

चेतकचं निघालंच म्हणून सांगतो. तीही मुळात इटालियनच. 1946 साली पियाज्जोनं व्हेस्पा आणली ती कोराडिनो दास्कानियो या विमानाच्या इंजिनियरकडून बनवून घेऊन. त्याला मोटरसायकलचा मनापासून तिटकारा होता. म्हणून इंजिन झाकलेलं, चेन नाही, पुढे ढाल, पाय ठेवायला सपाट जागा, म्हणजे कपड्यांना तेल-चिखल लागू नये. बजाजनं ती इथे परवान्यावर बनवली आणि 1972 पासून त्याच बांध्याची चेतक आली. पांढरं धोतर नेसून वडील आयुष्यभर तिच्यावर फिरले, एक डाग नाही. इटालियन स्टाईल सोलापूरला नवी नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी भाजी आणा."

कापड मी चाटी गल्लीतून घेतलं, लिनन-कॉटन, वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं. मीटरला 1,150 रुपये, सव्वादोन मीटर. शिलाई 3,800. बिनअस्तराचा कोट स्वस्त पडेल असं वाटणाऱ्यांसाठी: उलट आहे. अस्तर म्हणजे आतला पसारा झाकायचा पडदा. तो काढला की प्रत्येक शिवण उघडी, मग तिच्या दोन्ही कडांना पट्टी लावून बंद करावी लागते. मास्तरांनी ती पट्टी मरून सुती कापडाची लावली, आणि एवढी सरळ की आमच्या लाईनवरच्या मुलींना मी मुद्दाम नेऊन दाखवली. हे कुणाला दिसणार, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, "काढून खुर्चीला टांगाल तवा दिसंल."

आता उणं. काज मशीनवर केलेत. एवढा कोट हातानं शिवून काजांना घाई का, हे मला पटलेलं नाही. कोटाच्या पुढ्यात डोळा पहिला तिथेच जातो. लॅपलची (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीची) रुंदी माझ्या अंगाला अर्ध्या इंचानं जास्त आहे. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि तशीच ठेवली. आणि तारीख! 'पुढच्या सोमवारी' म्हणजे नेमका कुठला सोमवार, हे शेवटपर्यंत कळत नाही. फोन उचलत नाहीत. बसायला एकच स्टूल, तेही गिऱ्हाइकापेक्षा मांजराला जास्त मिळतं.

कोट मी साध्या दिवशी घालतो, तो त्यासाठीच आहे. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फेरी मारताना, बँकेत, मंगळवारच्या बाजारात. पहिले काही दिवस अख्ख्या गल्लीनं विचारलं, "काय साहेब, पोरगी बघायला निघालाव का?" मिलानमध्येही लोक तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत उघड बघतात, भाची सांगते, पण विचारत नाहीत. आपल्याकडे विचारतात. आता सवय झालीय त्यांना. पार्क चौकातल्या चहावाल्यानं कापड कुठलं ते विचारून घेतलं. लिनन चुरगळतं, आणि चुरगळू द्यावं. दर वेळी कडक इस्त्री मारली तर खांद्याचा उतार मरतो. खांद्यावर इस्त्री टेकवायचीच नाही, वाफ द्यायची, हे मास्तरांनी दोनदा बजावलंय.

माझ्याकडून पाचपैकी चार. चकाकी हवी असेल, रिसेप्शनच्या स्टेजवर लाईटमध्ये उठून दिसायचं असेल, तर इथे जाऊ नका, दोघांचाही वेळ जाईल. डिसेंबरपासून गड्डा संपेपर्यंतही जाऊ नका. तेव्हा खोलीभर पांढरं कापड असतं आणि कोटाचं नाव काढलं तर मास्तर मान वर करत नाहीत. फेब्रुवारीत जा, उन्हाळ्याआधी हातात पडेल. निम्मे पैसे आधी, रोख. काज हातानं हवे असतील तर माप देतानाच सांगा. 400 रुपये वर घेतात, आणि ते द्या.