पांढऱ्या माशाचे फिले : तवा, ओव्हन, कागदाची पुडी की मंद आधण?

पांढऱ्या माशाचे फिले, म्हणजे मधला काटा काढून केलेले तुकडे, शिजवण्याच्या पद्धतींची तुलना करताना बहुधा चवीचीच तुलना केली जाते. प्रत्यक्षात मात्र खास जेवणासाठी कोणती पद्धत निवडावी, हे चवीच्या आधी दोन साध्या प्रश्नांवर ठरते. हातातला तुकडा किती जाड आहे, हा पहिला प्रश्न. आणि पाहुणे जेवायला बसण्याआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत स्वयंपाक करणारी व्यक्ती शेगडीपाशी असणार आहे की टेबलापाशी, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे प्रामाणिकपणे दिली, तर निम्म्या पद्धती आपोआप गळून पडतात.

कॉड, हॅडॉक, हॅलिबट, सोल, सी बास, स्नॅपर, बासा, तिलापिया हे सगळे ‘पांढरा मासा’ या एकाच नावाखाली येत असले, तरी आचेवर ते सारखे वागत नाहीत. त्यांच्यात समान आहे ते एवढेच, की त्यांच्या मांसात चरबी थोडी असते. कॉड आणि हॅडॉक तर आपली चरबी मुख्यतः यकृतात साठवतात. त्यामुळे मासा जरा जास्त शिजला, की तो कोरडेपणा झाकायला मांसात काही उरत नाही. माशाचे स्नायू आखूड तंतूंच्या थरांचे बनलेले असतात आणि त्या थरांना जोडणारे पडदे इतके नाजूक असतात, की थोड्याशा उष्णतेनेही ते विरघळतात. शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात त्या यामुळेच. आतले मांस साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला घट्ट आणि पांढरे होऊ लागते, आणि ६० अंशांच्या पुढे त्यातले पाणी पिळल्यासारखे बाहेर येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस ६३ अंशांची आहे; अनेक कसलेले आचारी मात्र ५५ ते ५७ अंशांवरच मासा आचेवरून उतरवतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे जेवायला असतील, तर ६३ अंशच पाळावेत. एकूण, रसाळ आणि कोरडा यांत अंतर आहे ते आठ-दहा अंशांचे, आणि पद्धत निवडायची ती या अरुंद पट्ट्यात वेळेवर थांबणे कोणत्या पद्धतीत सोपे जाते, हे पाहून.

पूर्वतयारी मात्र सगळीकडे जवळपास एकच. मीठ १५ ते २० मिनिटे आधी लावावे आणि सुटलेले पाणी कागदी रुमालाने नीट टिपून घ्यावे. त्याने मांस थोडे घट्ट होते आणि शिजताना कमी फुटते. मध्यरेषेवरून बोट फिरवून राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घेतला, की सगळा तुकडा एका जाडीचा होतो. लिंबाचा रस मात्र आधी लावून ठेवू नये, कारण आम्लाने वरचे मांस आचेआधीच आळते आणि शिजल्यावर ते खडूसारखे लागते.

तव्यावर, म्हणजे जाड बुडाच्या पॅनमध्ये थोड्या तेलावर भाजलेला फिले, ही दिसायला आणि चवीला सर्वांत देखणी पद्धत आहे, यात वाद नाही. बाहेरून खरपूस सोनेरी आणि आतून ओलसर हा विरोधाभास दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत इतका स्पष्ट मिळत नाही. हा खरपूसपणा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेल्यावरच येतो, आणि पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तापमान १०० अंशांपाशीच अडकून राहते. म्हणून ओला तुकडा तव्यावर टाकणाऱ्याच्या वाट्याला भाजलेला मासा येत नाही, उकडलेलाच येतो. तेल तापून त्यावर हलकी लहर दिसू लागली, की कातडीची बाजू खाली ठेवून उलथन्याने २० ते ३० सेकंद हलकेच दाबून धरावे, कारण कातडी आचेने आकसते आणि तुकडा धनुष्यासारखा वाकतो. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला कातडीच्या बाजूने मध्यम आचेवर चार ते पाच मिनिटे आणि उलटल्यावर जेमतेम एक ते दोन मिनिटे लागतात. खालची बाजू नीट भाजली गेली, की तुकडा आपणहून सुटतो. तो चिकटलेला असताना ओढाताण करणे म्हणजे कातडी तव्यालाच दान करणे. लोणी सुरुवातीला घालू नये, कारण त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. शेवटच्या मिनिटात लोणी, ठेचलेली लसूण आणि एखादी सुवासिक पाल्याची काडी घालून ते फेसाळलेले लोणी चमच्याने माशावर ओतत राहावे.

तुकडा पातळ असेल, म्हणजे सोल किंवा तिलापिया यांच्यासारखा एक-दीड सेंटिमीटरचा, तर याच पद्धतीचे फ्रेंच रूप अधिक उपयोगी पडते. ‘मेनिएर’ या नावाचा अर्थ पिठाच्या गिरणीवालीच्या धाटणीचा. फिले मैद्यात घोळवून जादा पीठ झटकायचे आणि प्रत्येक बाजू सुमारे दोन मिनिटे भाजायची. मग पॅन पुसून त्यात लोणी बदामी होऊन खमंग वास येईपर्यंत तापवायचे आणि लिंबाचा रस व चिरलेल्या पार्सलीसह माशावर ओतायचे. इथे पिठाचे काम चवीपेक्षा वेगाचे आहे. आतला पातळ मासा कोरडा पडण्याआधीच पीठ रंग धरते, आणि नुसत्या पातळ माशाला ते जमत नाही.

तव्याचा खरा दोष जागेचा आहे. २८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये तीन तुकडे सुखाने बसतात, चार दाटीने. पाचवा घातला की तापमान कोसळते, पाणी सुटते आणि सगळेच वाफवले जाऊ लागतात. सहा जणांसाठी दोन खेपा कराव्या लागतात आणि दुसरी खेप होईपर्यंत पहिलीची कुरकुरीत कातडी मऊ पडते. माझ्या मते तवा हा दोघांच्या, फार तर तिघांच्या जेवणाचा मार्ग आहे. यजमान पाठमोरे उभे आणि पाहुणे थंड होत चाललेल्या ताटासमोर अवघडून बसलेले, असे जेवण मासा कितीही सुंदर असला तरी खास म्हणवत नाही.

ओव्हनचा विचार करताना ‘ओव्हनमध्ये भाजणे’ ही एकच पद्धत नसून दोन आहेत, हे बहुतेक पाककृती सांगत नाहीत. पहिली कडक आचेची : २२० अंशांच्या आसपास, अडीच सेंटिमीटर जाडीला सुमारे दहा मिनिटे. जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटे हा ठोकताळा जुना आणि सोयीचा आहे, पण तो जास्त शिजवण्याकडे झुकतो. आठव्या मिनिटाला सुरीच्या टोकाने पाकळ्या उलगडून पाहिलेले बरे. या आचेत कडा आणि मध्यभाग यांच्या तापमानात मोठे अंतर पडते आणि दाराची घंटा वाजली एवढ्या निमित्तानेही मासा हातचा जाऊ शकतो. दुसरी मंद आचेची : १२० ते १३५ अंशांवर, तेल किंवा वितळलेले लोणी लावून, २० ते ३० मिनिटे. इथे बाहेरचा थर आणि गाभा जवळपास एकाच गतीने तापतात आणि शेवटची काही मिनिटे तापमान इतके सावकाश चढते, की तीन-चार मिनिटांचा उशीर पोटात घातला जातो. हॅलिबट किंवा कॉडच्या जाड तुकड्यांना ही पद्धत जो रेशमी पोत देते, तो कडक आचेला साधत नाही.

मंद ओव्हनची उणीव डोळ्यांना लगेच दिसते. मासा फिकट राहतो, आणि १३० अंशांच्या हवेत त्याला रंग चढण्याची आशा ठेवण्यात अर्थ नाही. ही उणीव बाहेरून भरून काढावी लागते. पावाचा चुरा लोण्यात आधीच खमंग परतून, त्यात किसलेली लिंबाची साल आणि पार्सली मिसळून तो वाढताना पसरावा. किंवा बदामी केलेले लोणी, अथवा टोमॅटो आणि ऑलिव्हची दाटसर चटणी सोबत द्यावी. कच्चा चुरा लावून मंद ओव्हनमध्ये ठेवला, तर तो फक्त ओला होतो. घरगुती ओव्हनच्या चकतीवरचा आकडा आणि आतले तापमान यांत १०-१५ अंशांचा फरक सहज असतो, तेव्हा आत टांगायचा साधा तापमापक आणि माशात खुपसायचा बारीक टोकाचा तापमापक यांवर केलेला खर्च महागड्या माशावरच्या खर्चापेक्षा शहाणपणाचा ठरतो. चार ते आठ माणसांसाठी जाड तुकडे असतील, तर मी दुसरा विचार न करता ही पद्धत सुचवेन.

कागदाच्या पुडीचे आकर्षण वेगळे आहे. बेकिंग पेपरच्या घडीत मासा, लोण्याचा गोळा, सुवासिक पाला आणि दोन चमचे वाइन किंवा रस्सा ठेवून कडा घट्ट दुमडल्या, की २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटांत पुडी फुगते, आणि प्रत्येकाच्या ताटात ती फोडताना निघणारी वाफ हाच अर्धा समारंभ असतो. पुड्या दोन-तीन तास आधी बांधून फ्रीजमध्ये ठेवता येतात, भांडी जवळपास पडत नाहीत, घरात वास पसरत नाही. इतके सगळे असूनही ही पद्धत मी नवशिक्याला सुचवणार नाही, कारण पुडी बंद झाल्यावर आत काय चालले आहे हे कळत नाही आणि ताटात फोडल्यावर कळून उपयोग नसतो. तापमापकाची सुई कागदातून टोचता येते, पण मग ती पुडी फुगत नाही; एक पुडी स्वतःसाठी राखून तीत सुई टोचणे हा त्यावरचा बरा तोडगा. दुसरी अडचण भाज्यांची आहे. गाजर, बटाटा, फेनेल (बडीशेपेच्या जातीचा गड्डा) या भाज्यांना माशापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणून त्या कागदासारख्या पातळ चिराव्यात किंवा आधी अर्धवट शिजवून घ्याव्यात. मेणाचा थर असलेला कागद ओव्हनसाठी चालत नाही, ही खात्री खरेदी करतानाच करून घ्यावी.

मंद आधणात शिजवणे ही सर्वांत कमी भपकेबाज आणि बहुधा सर्वांत कमी लेखली गेलेली पद्धत आहे. पसरट भांड्यात पाणी, थोडी पांढरी वाइन किंवा व्हिनेगर, कांदा, गाजर, तमालपत्र आणि मिरी २० मिनिटे उकळून घ्यायची, मग आच इतकी कमी करायची की द्रव ७५ ते ८० अंशांवर राहील आणि पृष्ठभाग थरथरेल पण बुडबुडे फुटणार नाहीत. जाड तुकडे त्यात आठ-दहा मिनिटांत होतात, पातळ तर तीन-चार मिनिटांतच. आधणाचे तापमान कमी असल्याने मासा कोरडा पडायला वेळ लागतो आणि चुकून उकळी आली नाही तर पाकळ्या अखंड राहतात. पण ताटात तो पांढऱ्यावर पांढरा दिसतो, आणि सोबतीचे सॉस चांगले नसेल तर आजाऱ्याच्या पथ्याची आठवण करून देतो. म्हणून ही पद्धत त्यांनीच निवडावी, ज्यांना त्याच आधणाचा थोडा भाग आटवून, त्यात क्रीम किंवा थंड लोणी फेटून सॉस करण्याची सवय आहे. वाफवण्याचा प्रकार याचाच चुलतभाऊ आहे. आधणापेक्षा त्यात माशाचा रस कमी वाया जातो, पण १०० अंशांची वाफ पातळ तुकड्याला अर्ध्या मिनिटाचीही सूट देत नाही.

पिठात बुडवून तळलेल्या माशाबद्दल फार लिहायचे कारण नाही. १८० अंशांच्या तेलात पिठाचे कवच माशाला सांभाळून घेते, म्हणून स्वस्त आणि पातळ फिलेही आतून रसाळ राहतो; पण पाच-सात मिनिटांत कवच नरमते आणि तळणारा माणूस कढईपाशी बांधला जातो. ते गप्पा मारत उभ्याने खाण्याचे जेवण आहे. ओव्हनच्या वरच्या तारेखाली ग्रिल करणे पातळ तुकड्यांना मानवते, मात्र तिथून नजर हलवता येत नाही. निखाऱ्यांवरच्या जाळीवर तर हॅलिबटसारखा घट्ट मासाच ठेवावा; कॉडच्या पाकळ्या जाळीतून निखाऱ्यांवर पडलेल्या पाहणे दुःखदायक असते.

शेवटी गोठवलेल्या फिलेचा प्रश्न राहतो, कारण पुष्कळांच्या हाती तोच असतो. तो आदल्या रात्री फ्रीजमध्ये, खाली ताटली ठेवून वितळवावा. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी तंतू फाटलेले असतात आणि काही तुकड्यांत प्रक्रियेच्या वेळी मुरवलेले पाणीही असते, त्यामुळे वितळल्यावरही तो बराच वेळ पाझरत राहतो. असा मासा तव्यावर खरपूस होणे अवघड, आणि पुडीत घातला तर पाणचट रसात तरंगतो. त्याला मीठ लावून अर्धा तास जाळीवर निथळू द्यावा, दोनदा टिपावा, वर मोहरीच्या सॉसचा किंवा मेयोनीजचा पातळ हात फिरवून त्यावर आधी परतलेला चुरा दाबावा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये, पसरट ट्रेमध्ये तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवावा. सुटलेले पाणी ट्रेमध्ये आटून जाते आणि चुरा वर कोरडाच राहतो.