हरलेल्या बोलीवर आलेला मेल: माझे 19,925 रुपये कसे गेले

ऑनलाइन लिलावात तुम्ही हरलात आणि एक-दोन दिवसांत मेल आला, की ‘विजेत्याने पैसे भरले नाहीत, तुमच्याच बोलीच्या रकमेला वस्तू देतो, थेट या खात्यात पैसे पाठवा’, तर तो मेल चोराचा आहे. त्याखाली साइटचं चिन्ह असू दे, विक्रेत्याचं नाव असू दे, वस्तूचा फोटो असू दे. हे सगळं माझ्या मेलमध्येही होतं. माझे 18,650 आणि वर 1,275, असे 19,925 रुपये गेले. हे लिहायला मला लाज वाटते. घरीसुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. पण तिकिटं जमवणाऱ्या आमच्या ओळखीत आणखी दोघांना असेच मेल आल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

वस्तू होती 1948 सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं टपाल तिकीट. 15 ऑगस्ट 1948 ला चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, ‘बापू’ हे नाव देवनागरीत आणि उर्दूत. माझ्या वडिलांनी पहिली तीन जमवली होती. दहा रुपये म्हणजे त्या काळात शाळकरी मुलाला बघायलाही न मिळणारी रक्कम, त्यामुळे अल्बममधली चौथी जागा रिकामीच राहिली. वडील गेल्यावर तो अल्बम ठाण्याला पाचपाखाडीत माझ्याकडे आला. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘एवढे पैसे एका तिकिटाला?’ असं मला पोलीस ठाण्यातही ऐकावं लागलं आणि नातेवाइकांकडूनही.

तिकीट न वापरलेलं, मागचा डिंक शाबूत, हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा, डाग नाही, असं वर्णन होतं. या तिकिटाच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून विक्रेत्याचे जुने व्यवहार आणि त्याच्याबद्दलचे अभिप्राय नीट वाचले. तो विक्रेता खरा होता, आजही खरा आहे. मी जास्तीत जास्त 18,650 लावले, म्हणजे तेवढ्यापर्यंत साइट माझ्या वतीने बोली चढवणार आणि तो आकडा इतरांपासून झाकलेला. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी पुढे गेलं आणि तिकीट 18,900 ला गेलं. फक्त अडीचशे रुपयांनी. ज्यांनी लिलावात बोली लावली आहे त्यांना कळेल, त्या अडीचशेची रुखरुख किती दिवस राहते. चोरालाही ती माहीत असते.

मेल आला तो नेमका 18,650 चा. साडेअठरा नाही, एकोणीस नाही, माझाच आकडा रुपयापर्यंत. आणि तिथेच माझा विश्वास बसला. माझी कमाल बोली मी आणि साइट सोडून कोणाला ठाऊक असणार, असं मी धरून चाललो. ते कुठल्याही शहाण्या माणसाने धरलं असतं. पण लिलाव चालू असताना झाकलेला कमाल आकडा, तुम्ही हरलात की झाकलेला राहत नाही. तुमच्या पुढे कोणी गेलं याचाच अर्थ तुमची कमाल बोली पूर्ण वापरली गेली, आणि बोलींच्या यादीत ती नावासकट लागते. त्या साइटवर ती यादी लॉगिन न करताही कोणालाही उघडता येते. माझं युजरनेम म्हणजे माझ्या मेलचा ॲटच्या आधीचा भाग. पुढे जीमेल लावून बघायला चोराला किती वेळ लागला असेल? यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याचा आकडा घ्यायचा, विक्रेत्याच्या पानावरचे फोटो उचलायचे आणि मेल लिहायचा. झालं.

हे नवीन नाही, म्हणून जास्त राग येतो. ईबे या परदेशी लिलावाच्या साइटवर हाच उद्योग इतका माजला होता की 2006-07 च्या सुमारास त्यांनी महाग वस्तूंच्या लिलावात बोली लावणाऱ्यांची नावं झाकायला सुरुवात केली. पुढे नावाची दोन अक्षरं आणि मध्ये तारका अशी पद्धत आली. इतक्या वर्षांपूर्वी जगाला कळलेली गोष्ट आपल्याकडच्या साइटने करायला नको? ‘पारदर्शकतेसाठी बोली उघड ठेवतो’ असं उत्तर मला तिथल्या तक्रार विभागाने दिलं. रक्कम उघड ठेवा, ती ठेवायलाच हवी. पण हरलेल्या माणसाची ओळख कशाला हवी? तिचा उपयोग फक्त दोघांना, दारामागून माल विकणाऱ्याला आणि चोराला.

या दारामागच्या विक्रीबद्दलही बोलायला हवं. लोक मला विचारतात, अनोळखी मेलला उत्तर दिलंच कसं? अहो, तिकिटांच्या व्यवहारात असे मेल नेहमी येतात. लिलाव संपला की डीलर हरलेल्यांना गाठतात: ‘माझ्याकडे असाच नग आहे, साइटचं कमिशन वाचेल, थेट घ्या.’ मी असे दोन-तीन व्यवहार केलेले आहेत, माल चोख मिळाला आहे. कमिशन वाचवायला प्रामाणिक डीलरांनी ही वाट पाडली आणि तिच्यावरून चोर आला. आता मी कोणाच्याही अशा मेलला उत्तर देत नाही, अगदी ओळखीच्या डीलरच्याही. त्यांना राग आला तर येऊ दे.

आता ती जागा, जिथे सगळं थांबायला हवं होतं. पैसे पाठवण्याआधी मी मागच्या बाजूचा फोटो मागितला, डिंक बघायला. म्हणजे मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. फोटो आला. डिंक सुंदर. पण एका कोपऱ्यातला परफोरेशनचा, म्हणजे तिकिटाच्या छिद्रं पाडलेल्या कडेचा, दात आखूड दिसत होता. लिलावाच्या पानावर समोरच्या बाजूचा मोठा फोटो होता, मी तो उघडून शेजारी ठेवला. मागचा फोटो म्हणजे डावं-उजवं उलट, हे लक्षात घेऊन तोच कोपरा शोधला. समोरच्या फोटोत तिथला दात पूर्ण होता. हे मी पाहिलं. भिंगाने पाहिलं. हे तिकीट ते तिकीट नव्हतंच, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी विचारलंही. उत्तर आलं, ‘स्कॅनरच्या कडेला सावली पडली आहे, तिकीट परफेक्ट आहे, न आवडल्यास सात दिवसांत परत.’ आणि त्याच मेलमध्ये, ‘आणखी एक गृहस्थ विचारत आहेत, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.’ त्या सहा वाजण्याने घात केला. रात्रभर वेळ मिळाला असता तर मी ते दोन फोटो फोर्टमधल्या जाणकाराला दाखवले असते. चोराने तो वेळ ठरवूनच दिला नाही. कोणीही संध्याकाळची मुदत घातली की व्यवहार तिथेच सोडा, तिकीट असो नाहीतर फ्लॅट.

खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं, विक्रेत्याच्या फर्मच्या नाही. मी आयएमपीएसने, म्हणजे लगेच पैसे पोचवणाऱ्या बँकेच्या सोयीने, पाठवले. नेफ्ट आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, आयएमपीएसमध्ये ती त्याआधीपासून आहे, पण समोरचा ‘लगेच पाठवा’ म्हणतो तेव्हा माणूस नाव बघायला थांबत नाही. पैसे गेल्यावर विमा आणि पॅकिंगचे 1,275 मागितले, तेही पाठवले, कारण महागडं तिकीट विमा न करता कोणी पोस्टात टाकत नाही. मग स्पीड पोस्टचा नंबर आला. तेरा अक्षरांचा, शेवटी आयएन, अगदी रीतसर. टपाल खात्याच्या साइटवर पार्सल हलतानाही दिसत होतं. तो नंबर खरा होता, पार्सल दुसऱ्याचं होतं. मी वाट बघत राहिलो, आणि तेवढ्यात पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले. नंबर देण्याचा उद्देशच तो. त्यानंतर ‘परत मिळणारी सुरक्षा ठेव’ म्हणून 4,500 मागितले, तेव्हा मी थेट साइटवरून मूळ विक्रेत्याला संदेश टाकला. त्याचं उत्तर आलं, तिकीट विजेत्याला केव्हाच पोचलं आहे.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ती पहिल्या काही तासांत झाली तर पैसे वाटेत गोठवता येतात. म्हणून पार्सलची वाट बघू नका, शंका आली त्या क्षणी फोन करा. मी तक्रार करेपर्यंत चोराच्या त्या खात्यात 212 रुपये शिल्लक होते.

नौपाड्यातल्या माझ्या बँकेच्या शाखेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, ओटीपी तुम्हीच टाकला ना?” मॅनेजरने रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक पुढे केलं: ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतं, संमतीने झालेल्यांना नाही. ठीक, नियम आहे. पण समोरच्या बँकेला त्या खात्याबद्दल पत्र तरी पाठवाल की नाही? असं खातं उघडताना कागद कोणी तपासले, हे विचारणं कोणाचं काम? लेखी अर्ज घ्यायलासुद्धा तिथे टाळाटाळ. शिक्का मागितल्यावर, “साहेब जेवायला गेलेत.”

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. “काका, पैसे तुम्हीच पाठवलेत, मग चोरी कसली?” असं एका तरुण हवालदाराने मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, “साहेब, याला फसवणूक म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम 318.” तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66डी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो म्हणाला, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे तक्रार करा. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तक्रार आणि तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे दाखवलं तर, “कायदा आम्हाला शिकवू नका.” मग सायबरचा तपास निरीक्षकच करू शकतात आणि ते बंदोबस्ताला गेलेत, असं कारण. तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा हे खरं आहे, पण तक्रार लिहून घ्यायला कशाला निरीक्षक लागतात? एवढ्याशा रकमेसाठी कुठे फिरता, असा सल्लाही मिळाला. एवढीशी? माझ्या घरात 19,925 रुपयांत महिन्याचा किराणा, वीजबिल आणि मुलाच्या क्लासची फी बसते. रक्कम लहान म्हणून गुन्हा लिहायचा नाही, हे चोरांना पक्कं माहीत आहे, म्हणूनच ते वीस हजारांच्या आत राहतात.

शेवटी 173 मधल्याच तरतुदीनुसार वरिष्ठांकडे रजिस्टर्ड पोस्टाने लेखी तक्रार पाठवली आणि पोच जपून ठेवली आहे. आयटी कायद्याच्या कलम 46 खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे भरपाईचा दावा करता येतो, हेही फार थोड्या लोकांना माहीत असतं. तो अर्ज तयार करतोय. साइटवाल्यांनाही सोडणार नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, असं बंधन आहे. पारदर्शकतेच्या त्या एका ओळीला मी निवारण मानत नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “अहो, आधी सांगायचं होतं, मी ते मेल वाचून दिले असते.” खरंच, तिला ते सहा वाजणं लगेच खटकलं असतं.

तुम्ही बोली लावत असाल तर आजच युजरनेम बदला, मेलशी त्याचा काही संबंध राहू देऊ नका. लिलावासाठी वेगळा मेल ठेवा. दुसऱ्या नंबरला खरी ऑफर आली तर ती साइटवर लॉगिन केल्यावर तुमच्या खात्यातल्या संदेशांत दिसते आणि पैसे साइटवरूनच भरले जातात. मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करू नका, पत्ता स्वतः टाइप करा. पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक करून मागचा खरा पत्ता बघा, माझ्या मेलमध्ये नाव साइटचं आणि पत्ता भलताच होता.

आणि बापूंच्या दहा रुपयांच्या तिकिटासाठी ज्यांना हा मेल आला असेल, पैसे गेले असोत वा नसोत, त्यांनी तो डिलीट करू नये. त्यातला खाते क्रमांक 1930 वर द्या, पोर्टलवर नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध चार राज्यांतून तक्रारी जमल्या की ‘एवढीशी रक्कम’ हे उत्तर देणं पोलिसांना जड जाईल.